बापू कुटीची माती

सेवाग्रामला आलेला पाहुणा बापू कुटीसमोर चप्पल काढतो, आत डोकावतो आणि बाहेर येऊन हमखास विचारतो, "ही मूळचीच कुटी आहे, की नंतर तशी बांधली?" आमच्या वर्ध्याकडच्या जुन्या माणसाला या प्रश्नाचं थोडं हसू येतं. मातीच्या घराबद्दल असं कोणी विचारत नाही. भिंत आजोबाच्या वेळची असते, तिच्यावरचा लेप यंदाच्या वैशाखातला असतो. आढं जुनं असतं, त्याच्यावरच्या बांबूच्या कमच्या मागच्या साली बदललेल्या असतात. कवेलूंपैकी निम्मे जुने, निम्मे नवे. मग ते घर जुनं म्हणायचं की नवं? आमच्या लेखी ते जुनंच, कारण त्यात राहणं कधी तुटलं नाही आणि त्याची निगा कधी थांबली नाही.

बापू कुटीचा इतिहास पुस्तकांत पुष्कळ आला आहे. कोण मोठी माणसं तिथं येऊन गेली, कोणते ठराव झाले, हे सगळं लिहिलेलं सापडतं. पण ही कुटी इतकी वर्षं उभी कशी राहिली, हे फारसं कोणी लिहीत नाही. दगडी किल्ला दोनशे वर्षं कोणी हात न लावता पडून राहू शकतो. मातीची कुटी दोन पावसाळे सोडून दिली तर तिसऱ्याला जमिनीला मिळते. म्हणून तिचा इतिहास म्हणजे तिला हात लावणाऱ्यांचाही इतिहास आहे.

१९३० च्या १२ मार्चला गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले ते स्वराज्य मिळाल्याशिवाय आश्रमात परतणार नाही असं म्हणून. पुढं तुरुंग झाला, दौरे झाले. जमनालाल बजाजांच्या आग्रहानं ते वर्ध्याला आले. शहरातल्या मगनवाडीत कुमारप्पांनी ग्रामोद्योगाचं काम मांडलं होतं. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, असं सगळं तिथं चालायचं. पण खेड्याचं काम शहरात बसून कसं करायचं, हा प्रश्न गांधीजींना सुटत नव्हता. मीराबेन त्यांच्या आधीच खेड्यात गेल्या होत्या. इंग्रज आरमारातल्या मोठ्या अधिकाऱ्याची ही मुलगी १९२५ साली हिंदुस्थानात आली आणि पुढं वर्ध्याजवळच्या सिंदीत राहून गावसफाई करू लागली. नंतर ती शेगावला गेली. वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवरचं हे लहानसं गाव. तिथं जमनालालजींची जमीन होती. मलेरिया होता, रस्ता नव्हता.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी मगनवाडीहून पायी शेगावला आले. एप्रिलअखेर म्हणजे आमच्याकडं ऊन काय असतं ते वेगळं सांगायला नको. बांधकाम तेव्हा पुरतं झालेलं नव्हतं. मग उन्हाळ्यात ते नंदी हिल्सला गेले आणि जूनच्या मध्यात, पावसाला सुरुवात झाल्यावर, काळ्या मातीचा चिखल तुडवत भिजत परत आले. ज्यानं आमच्याकडची काळी माती पहिल्या पावसात तुडवली आहे त्यालाच या चालण्याचा अर्थ कळेल. दहा पावलांत पायाला दोन-दोन किलोचे गोळे लागतात, आणि चप्पल असली तर ती हातात घ्यावी लागते.

पहिलं घर म्हणजे आजचं आदि निवास. गांधीजींची अट साधी होती. गावातलं साहित्य, गावातले कारागीर आणि कमीत कमी खर्च. मीराबेननं उभं राहून काम करून घेतलं. एकच मोठी खोली आणि भोवती पडवी. त्यातच सगळे राहत. गांधीजी, कस्तुरबा, येणारे-जाणारे पाहुणे, सगळ्यांचे एकेक कोपरे. पुढं बांची अडचण ध्यानात घेऊन जमनालालजींनी त्यांच्यासाठी लहानशी बा कुटी बांधून दिली. इतक्या माणसांत बाईमाणसाला आडोसा लागतो, हे कोणाच्या तरी ध्यानात आलं ही चांगली गोष्ट झाली.

आज जिला बापू कुटी म्हणतात ती मुळात गांधीजींसाठी बांधलेलीच नव्हती. ती मीराबेनची कुटी. पुढं ती थोडी वाढवून गांधीजी तिथं राहायला गेले. भिंतीवर मीराबेननं मातीतच उठाव देऊन ताडासारखी झाडं, मोर, ओम आणि चरखा काढलेला आहे. आमच्या आया-आत्या भिंतीवर बोटांनी जशी वेलबुट्टी काढायच्या, त्याच जातीचं ते काम. इंग्रज बाई आमच्या बायांचं पाहून शिकली की स्वतःच्या मनानं करत गेली, ते काही असो, गावच्या भिंतीवर ते परकं दिसत नाही.

आता या घराच्या मातीबद्दल. शहरातल्या वाचकाला वाटतं, माती म्हणजे माती. शेतकऱ्याला तसं वाटत नाही. काळी माती कापसाला चांगली, भिंतीला वाईट. ती पाण्यानं फुगते आणि उन्हानं फाटते. उन्हाळ्यात शेतात ज्या भेगा पडतात, त्याच भिंतीत पडतील. भिंतीला लागते पांढरी माती, जुन्या गावठाणाची. म्हणून तर गावाच्या वस्तीच्या जागेला पांढरी आणि शेतीला काळी म्हणायची आपल्याकडं जुनी रीत आहे. ती माती चाळायची, त्यात गव्हाचं कुटार घालायचं, पाणी सोडायचं आणि काही दिवस मुरू द्यायची. कुटार कुजलं की माती चिकट होते आणि वाळताना फाटत नाही. मग पायानं तुडवायची. तुडवणं हे सगळ्यात कष्टाचं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. दहावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात आमच्या गावची आठ-दहा पोरं श्रमदानाला सेवाग्रामला गेली होती, त्यांत मी होतो. मिरगाच्या आधी आश्रमातल्या कुट्यांची डागडुजी चालायची. कोणी कवेलू वाहून द्यायचं, कोणी पाणी आणायचं. कुटीच्या छपरावर आम्हाला कोणी चढू देत नव्हतं. तिथं जाणतीच माणसं. आमच्याकडं माती तुडवायचं काम आलं. आमच्यावर एक म्हातारे होते, धोतर वर खोचलेले, हातात काठी. आमच्यातल्या एकानं विचारलं, "बाबाजी, झाली का आता माती?" त्यांनी वाकून मुठीत माती घेतली, दाबली आणि परत टाकली. म्हणाले, "बाबू, आज भिजवली अन् आजच लावली तं थे भित नाही होत, चिखल होते. पायाले वेगळी लागली पाहिजे. जवा पायाले लोण्यावानी लागन, तवा सांग मले."

दुपारी ऊन पंचेचाळीसच्या वर. आम्ही आदि निवासाच्या पडवीत पडलो होतो. बाहेर डोळे उघडवत नव्हते आणि आत भिंतीला पाठ लावली की गार. मातीची जाड भिंत उन्हाला आत यायला उशीर लावते. बाहेर संध्याकाळ होते तेव्हा कुठं आतली बाजू कोमट होते. वर कवेलूंच्या फटीतून गरम हवा निघून जाते. विजेचा पंखा नसताना वर्ध्याच्या उन्हाळ्यात माणसं कशी जगली, ते तिथं पाठीला कळलं.

डागडुजीत मोठं काम कवेलू फेरण्याचं. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला घर शाकारणं म्हणतात, तेच. देशी कवेलू कुंभार चाकावर करतो. आधी नळकांडं काढायचं, मग त्याचे उभे दोन भाग. एक ओळ नाळीसारखी उताणी, तिच्या दोन कडांवर दुसरी पालथी. ना खिळा, ना चुना. एकाच्या भारावर दुसरं. म्हणूनच वानरांची एक टोळी छपरावरून गेली की शे-दोनशे कवेलू सरकतात, पाच-पन्नास फुटतात. मांजरं, वादळ, वरून पडणारी फांदी, सगळ्यांचा हिशेब वर्षाअखेर छपरावर चढूनच होतो. सगळे कवेलू उतरवायचे, कचरा झाडायचा, वाळवी लागलेल्या कमच्या काढून नव्या बांधायच्या, धड कवेलू परत लावायचे, फुटक्यांच्या जागी नवे घालायचे. मग भिंतींना लेप. आणि पावसाची झोड बसते त्या बाजूला शिंदीच्या पानांच्या झांज्या बांधायच्या. भिंतीला घोंगडी पांघरल्यासारखं दिसतं. पाऊस सरला की त्या काढायच्या.

या एवढ्याशा घरात काय काय घडलं ते वाचकाला ठाऊक असेलच. १९४० साली गावाचं नाव सेवाग्राम झालं. कारण अगदी घरगुती. गजानन महाराजांचं शेगाव आधीपासून प्रसिद्ध, त्यामुळं गांधीजींची टपाल तिकडं जायची. व्हाइसरॉयशी बोलणं व्हावं म्हणून सरकारनं इथं टेलिफोन बसवला. त्याच आवारात साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा आहे. साप मारायचा नाही, धरून दूर सोडायचा. इकडं दिल्लीचा फोन आणि इकडं सापाचा पिंजरा, असं ते घर होतं. १४ जुलै १९४२ ला वर्ध्यात काँग्रेस कार्यसमितीनं इंग्रजांनी चालतं व्हावं असा ठराव केला आणि ८ ऑगस्टला मुंबईत तो देशाचा झाला. त्याआधीच्या कित्येक चर्चा सेवाग्रामला जमिनीवर बसून झाल्या. मोठी माणसं खुर्ची नसलेल्या खोलीत, शेणानं सारवलेल्या भुईवर, चटईवर बसत.

मला स्वतःला त्या सगळ्यांपेक्षा परचुरे कुटी जास्त आठवते. परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातली गांधीजींची ओळख. त्यांना महारोग झाला. त्या काळात महारोग म्हणजे गाव सुटलं, घर सुटलं. १९३९ साली ते सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आपल्या जवळच कुटी करून दिली आणि स्वतःच्या हातानं त्यांना मालिश करीत. कुटी म्हणजे चार भिंती हे खरं, पण कोणाला जवळ ठेवायचं आणि कोणाला दूर, हेही भिंतीच ठरवतात. गावच्या वाड्यांत ते आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं आहे. सेवाग्रामला ती कुटी कुठं बांधली, ते पाहायला हवं.

२५ ऑगस्ट १९४६ ला गांधीजी सेवाग्रामहून निघाले. पुढं नोआखाली, बिहार, कलकत्ता, दिल्ली. ते परत आलेच नाहीत. ३० जानेवारी १९४८ नंतर मार्चमध्ये सेवाग्रामला देशभरचे कार्यकर्ते जमले. नेहरू, राजेंद्रबाबू, विनोबा, मौलाना आझाद सगळे आले होते. पुढं काय करायचं, याचा विचार झाला आणि सर्वोदय समाज उभा राहिला. मला त्या दिवसांतली दुसरीच एक गोष्ट विचार करण्यासारखी वाटते. मार्च होता. अडीच-तीन महिन्यांवर पाऊस होता. ज्याच्यासाठी कुटी राखायची तो गेला होता, आणि तरी कोणीतरी माती भिजवायला घेतली असणार, कोणीतरी कवेलू उतरवले असणार. नाहीतर आज कुटी उभी दिसली नसती. त्या हातांची नावं कुठं नोंदलेली नाहीत.

कुटीवर संगमरवर चढवता आला असता. आपल्या देशात थोर माणसाच्या झोपडीवर घुमट बांधायची हौस कमी नाही. तसं इथं झालं नाही, मातीची कुटी मातीचीच राखली. जानेवारी १९७८ मध्ये इव्हान इलिच नावाचा परदेशी विचारवंत सेवाग्रामला आला होता. कुटीत बसून आल्यावर त्यानं जे भाषण केलं त्याचं सार असं, की माणूस जितक्या सोयी गोळा करतो तितका तो त्या सोयींच्या ताब्यात जातो, आणि हे घर त्याला ते शिकवून गेलं. लॉरी बेकर या वास्तुशिल्पकारालाही गांधीजी मुंबईत भेटले होते. पाच मैलांच्या आत मिळेल त्या साहित्यानं घर बांधावं, हे त्यांचं म्हणणं बेकरनं जन्मभर मनात धरलं आणि केरळात तशी स्वस्त घरं बांधली. वर्ध्याच्याच दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं माती, बांबू आणि कुंभाराच्या कवेलूंवर वर्षानुवर्षं प्रयोग केले.

पण मोठ्या लोकांनी कौतुक केलं म्हणून मातीचं घर सोपं होत नाही. हे मला शहरातल्या वाचकाला मुद्दाम सांगायचं आहे. आमच्या गावात आज मातीची घरं हातावर मोजण्याइतकी उरली. लोकांनी ती सोडली ती वेडेपणानं नाही. पावसाळ्यात चार ठिकाणी गंजं-भगोनी मांडून झोपावं लागायचं. भिंतीत उंदीर, उंदरामागं साप. आणि सगळ्यात मोठं म्हणजे घरच्या बाईचे हात. सडा, सारवण, पोतेरा, सणाला भिंती लिंपणं. शेतात मजुरी करून आलेली बाई संध्याकाळी शेणात हात घालायची. माझ्या आईचे हात भेगाळलेले मला आजही दिसतात. घरकुलाचं स्लॅबचं घर मिळालं तेव्हा गावातल्या बाया खूष झाल्या, आणि त्या खूष झाल्या यात काहीच चूक नाही. मातीचं घर चांगलं म्हणायचं आणि त्याची सगळी मेहनत एकटीनं बाईवर टाकायची, असं चालणार नाही. आश्रमात ही मेहनत सगळ्यांत वाटलेली होती. झाडलोट, संडास सफाई, दळण, कोणाला सूट नव्हती. म्हणून तिथं मातीचं घर पेललं. आमच्याकडं ते पेललं नाही.

दुसरी गोष्ट सिमेंटची. आमच्या गावातलं जुनं मारुतीचं देऊळ मातीच्या भिंतींचं होतं. गावकऱ्यांनी वर्गणी काढून भिंतींवर बाहेरून-आतून सिमेंटचा गिलावा मारला. दोन-तीन वर्षं झकास दिसलं. मग पोपडे सुटले आणि पोपड्यामागून माती भुग्यासारखी गळू लागली. मातीची भिंत ओल पिते आणि हवेला परत देते. सिमेंटनं तिचं नाक-तोंड दाबलं की ओल आतच राहते आणि भिंत आतून खचते. वरून धड, आतून पोकळ. शेवटी देऊळ पाडून नवं बांधलं. तेव्हा कुटी "पक्की" करून टाका असं कोणी म्हटलं की मला ते देऊळ आठवतं. मातीला मातीच लागते. तिची दुरुस्ती एकदाची होत नाही, दरवर्षीच करावी लागते.

आणि तिथंच आज खरी काळजी आहे. पैसा कमी पडला तर कोणी देईल. माती गावठाणात अजून आहे. पण देशी कवेलू करणारा कुंभार कुठून आणायचा? गावोगावच्या कुंभारांची पोरं विटांकडं वळली किंवा शहरात गेली. मागणीच नाही तर भट्टी कोण लावणार? शिंदीची झाडं धुऱ्यावरून, नाल्याकाठून तुटली. झांज्या विणणारे हात म्हातारे झाले. बांबू मिळतो, पण तो कधी तोडायचा, किती दिवस पाण्यात ठेवायचा म्हणजे त्याला भुंगा लागत नाही, हे ठाऊक असणारी माणसं थोडी. आणि पायाला माती लोण्यासारखी लागली की नाही, हे कोणत्या पुस्तकात वाचून येणार? तो म्हातारा गेला. त्यानं ज्यांना शिकवलं ते आम्हीही आता साठीच्या पुढं आहोत.

म्हणून मला वाटतं, सेवाग्रामला येणाऱ्या शाळा-कॉलेजच्या सहली वैशाखात याव्यात. डिसेंबरात येऊन फोटो काढणं ठीक आहे. पण आमच्या गावची पोरं गेली होती तशी दहा पोरं-पोरी चार दिवस माती तुडवून गेली, त्यांतल्या दोघांना जरी ती पायाला ओळखू आली, तरी पुढच्या तीस वर्षांची सोय झाली. पोरींबरोबर पोरांनीही सारवायला बसावं. कुंभाराला बोलावून आश्रमातच चाक मांडावं, म्हणजे त्याला मजुरी मिळेल आणि त्याच्या पोराला ती विद्या टाकून द्यावीशी वाटणार नाही. धुऱ्यावर चार शिंदीची झाडं राखायला शेतकऱ्याला काही खर्च येत नाही, मी माझ्या धुऱ्यावर राखली आहेत.

पाहुण्यानं परत विचारलं, ही मूळचीच का, तर त्याला खुशाल हो म्हणावं. मग विचारावं, मुक्काम आहे का? उद्या सकाळी माती तुडवायची आहे.